नान्नज ते मोटेवाडी

फेब्रुवारी लागला की सोलापुरात सात रस्त्यापासून मधल्या मारुतीपर्यंत द्राक्षांच्या हातगाड्या लागतात. ‘द्राक्षं कशी दिली?’ म्हणून विचारावं, तर गाडीवाला आधी आपल्यालाच विचारतो, ‘सोनाका का माणिक चमन? का काळी देऊ?’ इथल्या गिऱ्हाइकाला ही नावं आंब्याच्या जातींसारखी तोंडपाठ आहेत. बोटाच्या पेरासारखा लांब मणी दिसला की सोनाका, काळा दिसला की शरद. मीही चाळीस वर्षं ही नावं घेत द्राक्षं खात आलो. सोनाकाचं गाव आपल्या शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे, हे मात्र मला पन्नाशीला टेकल्यावर कळलं, तेही पुण्यात एका कृषी प्रदर्शनात, परक्या माणसाच्या तोंडून. त्या दिवशी वाटलेल्या लाजेतून ही सहल निघाली.

फाल्गुनातला एक दिवस काढायचा. पहाटे नान्नजला जायचं, तिथून मागं फिरून पंढरपूरच्या दक्षिणेचा बेदाण्याचा पट्टा बघायचा, आणि मग पालखीचा रस्ता उलटा धरून माळशिरस तालुक्यातल्या मोटेवाडीला पोचायचं. सोलापूर जिल्ह्याची वाइन तिथं तयार होते. एका वेलीचं फळ ताटात, डब्यात आणि बाटलीत कसं जातं, ते एकाच दिवसात डोळ्यांनी बघायचं, एवढाच बेत. गाडी लेक चालवणार होती. पंढरपुरात दाजी गाडीत बसणार होते. दाजींची स्वतःची पाच एकर बाग आहे, गळ्यात तुळशीची माळ आहे, आणि वाइनरी त्यांनी आतून कधी पाहिलेली नव्हती. ‘बघायला काय हरकत आहे? द्राक्षाचंच काम आहे की ते,’ एवढं बोलून ते तयार झाले होते.

बार्शी रस्त्यानं शहर मागं पडलं की माळ लागतो. पहाटेच्या उजेडात तो करडा दिसतो, मग हळूहळू गवताचा पिवळा रंग वर येतो. बांधांवरची कडुलिंबं तांबूस पालवीनं भरलेली, ज्वारी काढून झालेली, कडब्याच्या गंजी उभ्या. हाच तो माळ, जिथं 1970 च्या दशकात बी. एस. कुलकर्णी नावाच्या पक्षिवेड्या माणसानं माळढोकाची नोंद केली आणि त्यासाठी वर्षानुवर्षं पायपीट केली. 1979 मध्ये इथं माळढोक अभयारण्य जाहीर झालं. आता माळढोक दिसणं म्हणजे नवसाचं दर्शन. आम्ही थांबलो, दुर्बीण लावली. चिंकारा दिसला नाही, काळवीट दिसले, चंडोल वर चढत गात होता.

या जिल्ह्यात वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मनाला येईल तेव्हा. अशा माळावर द्राक्षाची बाग उभी करणं म्हणजे विहीर, बोअर, शेततळं आणि ठिबक यांच्या जोरावर लावलेला डाव. माळावरून गावाच्या शिवारात शिरलं की हिरवे मंडप दिसू लागतात. माळढोकाच्या वाट्याचा माळ कमी होत गेला, त्यात शेतीच्या विस्ताराचाही वाटा आहे, हे द्राक्षाचं कौतुक करणाऱ्यानं लपवू नये. एकाच गावानं देशाला एक पक्षी दाखवला आणि एक फळही दिलं. दोन्ही गोष्टी नान्नजच्या खात्यावर लिहायच्या, तर दोन्हीकडचं बघूनच लिहायला हव्यात.

फळाची गोष्ट अशी. 1960 नंतर महाराष्ट्रात थॉमसन सीडलेस ही बिनबियांची जात पसरली. त्याआधी आपल्याकडं भोकरी, फकडी, साहेबी असल्या बियांच्या जाती होत्या, आणि हैदराबादकडून आलेली अनाब-ए-शाही होती. थॉमसन ही मुळात पश्चिम आशियातली जुनी जात. तिथं तिला सुलताना किंवा किशमिश म्हणत. कॅलिफोर्नियात विल्यम थॉमसन यांनी एकोणिसाव्या शतकात ती लावली, वाढवली, आणि जगभर तिला त्यांचं नाव चिकटलं. आता नान्नजकडं वळू. इथले नानासाहेब काळे यांना थॉमसनच्या बागेत एक काडी वेगळी दिसली. तिचे मणी बाकीच्यांपेक्षा लांब होते. शेतकऱ्याच्या बागेत असं अधूनमधून घडतं. एखाद्या डोळ्यात निसर्गाकडून बदल होतो आणि त्या डोळ्यातून निघणारी काडी बाकीच्या वेलीसारखी राहत नाही. शंभरातले नव्याण्णव जण ती काडी छाटणीत कापून टाकतात. नानासाहेबांनी ती राखली, तिची कलमं केली, पुढच्या हंगामांत ती तशीच फळते का ते पाहिलं. ती तशीच फळली. तीच सोनाका.

पुढं किशमिश चोर्नी या काळ्या जातीतून त्यांनी शरद सीडलेस निवडली. आज हातगाडीवर ‘काळी’ म्हणून जी द्राक्षं येतात, त्यांत तिचा मोठा वाटा आहे. त्यांचे पुत्र दत्तात्रय काळे यांनी हे काम पुढं नेलं आणि किंग बेरीसारख्या जाती आणल्या. तासगाव तालुक्यातल्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉमसनमधूनच तास-ए-गणेश निवडली. माणिक चमन ही तर आपल्याच सोलापूर भागातल्या एका बागायतदाराची निवड. म्हणजे महाराष्ट्राच्या ताटात पडणाऱ्या कितीतरी द्राक्षांची मूळ काडी संशोधन केंद्राच्या काचघरात नव्हे, तर बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेत सापडलेली आहे. 2001 च्या वाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंद करण्याचा हक्क दिला, ही चांगली गोष्ट झाली. पण तोवर सोनाका आणि शरद यांच्या काड्या गावोगाव वाटल्या जाऊन घरोघरच्या झाल्या होत्या.

मला इथं थांबून एक स्पष्ट म्हणायचं आहे. थॉमसन साहेबांनी आणलेल्या जातीला त्यांचं नाव जगभर लागतं. सोनाका खाणाऱ्या लाखो लोकांना मात्र काळे हे नाव माहीत नसतं, आणि गावाचं नाव तर नाहीच. सोलापूर महापालिकेनं शहरात एखाद्या चौकाला, निदान फळबाजाराच्या एखाद्या गाळ्याला, सोनाकाचं नाव दिलं तर काय बिघडेल?

बागेत उतरलो तेव्हा सूर्य वर आला होता. फळ काढणीला आलेलं. बाया खाली वाकून, मान वर करून घड कापत होत्या आणि कागदावर ठेवत होत्या. कापताना घडाला हात लावायचा नाही, देठाला धरायचं. मण्यावर जो पांढुरका थर असतो तो पुसला गेला तर माल शिळा दिसतो. एका मावशीनं मला घड धरायला दिला आणि लगेच माझा हात देठाकडं सरकवला. ‘पोटाला धरू नका, मालक, लव जाती.’ त्या थराला त्या लव म्हणत होत्या. मला तो शब्द आवडला, मी तो ठेवून घेतला.

परत फिरून पुणे रस्त्याला लागलो. लांबोटीला सीना नदी ओलांडताना चिवड्याच्या दुकानांपुढं थांबणं सोलापूरकराला टाळता येत नाही. मोहोळ मागं पडलं, आणि लेकीनं प्रश्न विचारला, ‘बाबा, द्राक्ष आपल्याकडं आलं कधी?’ चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला होता. त्यानं लिहून ठेवलंय की तिथं द्राक्षं आणि डाळिंबं होतात, आणि वर्षात दोनदा येतात. ही ‘दोनदा’ गोष्ट मनात राहते. द्राक्षवेल मूळची थंड मुलखातली. हिवाळ्यात ती झोपते, पानं गाळते, वसंतात जागी होते. आपल्या दख्खनात थंडी इतकी नसते की तिला झोप लागावी. सोडून दिली तर ती वर्षभर पानांत रमते. म्हणून इथल्या शेतकऱ्यानं दोन छाटण्यांची पद्धत बसवली. एप्रिलात खरड छाटणी. वेल ओलांड्यापर्यंत, म्हणजे तिच्या आडव्या फांद्यांपर्यंत, खरवडून काढायची, म्हणजे नवी काडी येते, आणि ऐन उन्हाच्या दिवसांत त्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या वर्षीचा घड आकार घेतो. मग ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, तिला फळछाटणीही म्हणतात. त्यानंतर डोळ्यांना पेस्ट लावायची म्हणजे ते एकदम फुटतात, आणि सव्वाशे ते दीडशे दिवसांत घड काढणीला येतो. छाटण्या दोन, पीक एक. वेलीला कृत्रिम झोप लावून आपण तिला दख्खनची केली.

मुळाचंही तसंच. आताच्या बहुतेक बागा स्वतःच्या मुळावर उभ्या नाहीत. खाली डॉगरिज हा टेक्सासच्या रानवेलीच्या कुळातला खुंट असतो, त्याला क्षार आणि कमी पाणी सोसतं, आणि वर आपली सोनाका किंवा थॉमसन कलम केलेली असते. मुळं टेक्सासची, काडी नान्नजची, पाणी भीमेचं.

पंढरपुरात दाजी चौकात उभेच होते. चंद्रभागेला पाणी कमी होतं, वाळवंट मोकळं. कळसाला हात जोडून आम्ही दक्षिणेकडं निघालो. कासेगाव आणि आसपासची गावं आली, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरव्या जाळीच्या लांबलचक शेड दिसू लागल्या. आत लोखंडी सांगाड्यावर एकावर एक जाळ्यांचे मजले. हे बेदाण्याचे रॅक.

इथं मला सहलीतला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि तो वाया गेला असं मला अजून वाटत नाही. बेदाण्याला लागणारं द्राक्ष खायच्या द्राक्षापेक्षा जास्त पिकवावं लागतं. साखर बावीस-चोवीस ब्रिक्सला गेली पाहिजे, नाहीतर वजन बसत नाही. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. काढलेले घड क्रेटमध्ये भरून एका टाकीतल्या पाण्यात बुडवतात. त्या पाण्यात पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएट असतं. दाजी त्याला ‘पावडर आणि तेल’ म्हणतात. मण्यावरचा मेणाचा थर, म्हणजे मावशींची ती लव, या द्रावणानं सैल होतो आणि आतलं पाणी बाहेर पडायला वाट मिळते. सकाळी जी लव हातानं पुसू नको म्हणून मला दटावलं होतं, तीच इथं मुद्दाम घालवतात. मग घड जाळीवर पसरायचे. सावली हवी, वारा हवा, ऊन थेट नको, नाहीतर रंग तांबडा पडतो. बारा-पंधरा दिवसांत मणी आक्रसतो. रंग पिवळसर हिरवा राहावा म्हणून गंधकाची धुरी देतात. शेवटी रॅक हलवून माल खाली पाडायचा, यंत्रातून काड्या वेगळ्या करायच्या, प्रतवारी करून पंधरा किलोच्या बॉक्समध्ये भरायचा आणि शीतगृहात ठेवायचा.

ही जाळीच्या मजल्यांची रीत ऑस्ट्रेलियातून आली. अफगाणिस्तानात हेच काम मातीच्या घरांत होतं. भिंतींना शेकडो भोकं ठेवलेली असतात, आत घड टांगतात, वाऱ्यावर हिरवी किशमिश वाळते. पंढरपूरच्या शेडमध्ये उभं राहिलं की त्या किशमिशखान्यांची आठवण येते. वास दोन्हीकडं सारखाच असणार, आंबट-गोड, किंचित शिजल्यासारखा. मधमाश्या सुटतात. मजल्यांच्या मधल्या अरुंद वाटेतून चालताना डोक्यावरही मणी आणि खांद्याशीही मणी.

शेडमध्ये काम करणाऱ्या टोळीशी बोलताना कळलं की पावसाची भीती द्राक्ष वेलीवर असेपर्यंतच असते असं नाही. वाळत घातलेल्या मालावर अवकाळी पडला तर रंग जातो आणि भाव निम्म्यावर येतो. दाजींनी 2009 चा नोव्हेंबर आठवला. फयान वादळाचा पाऊस तेव्हा फुलोऱ्यातल्या आणि नुकत्या मणी धरलेल्या बागांवर आला. डावणी रोगानं घड काळे पडले. एका रात्रीत पानं जळाल्यासारखी झाली, असं ते सांगतात. त्यानंतर अनेक वर्षं त्यांनी छाटणीची तारीख मागंपुढं करून पाहिली. लवकर छाटलं तर परतीचा पाऊस गाठतो, उशिरा छाटलं तर मार्चमधला अवकाळी आणि गारा. मधली फट दरवर्षी अरुंद होते आहे. दाजींच्या भाऊबंदांपैकी दोघांनी अलीकडं बागा काढून ऊस लावला. ऊस पाणी जास्त पितो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ऊस रात्रीची झोप उडवत नाही.

बेदाण्याचे सौदे पूर्वी तासगाव आणि सांगलीलाच व्हायचे. आता पंढरपूरच्या बाजार समितीतही होतात. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. सोलापूर जिल्ह्यातलं डाळिंब आणि मंगळवेढ्याची ज्वारी यांनाही आहे. नान्नजच्या नजरेतून निघालेला लांब मणी आणि कासेगावच्या जाळीवर वाळलेला बेदाणा यांच्या डब्यावर मात्र गावाचं नाव क्वचितच दिसतं. मुंबईतल्या दुकानात तो नुसता ‘किसमिस’ होतो.

दुपारी पालखी महामार्गाला लागलो. वाखरी, भंडीशेगाव, वेळापूर, माळशिरस, नातेपुते. आषाढात ही नावं उलट्या क्रमानं येतात. माउलींची पालखी फलटणहून येते, धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि दाजींच्या भाषेत ‘उतरणीला लागते’. वेळापूरच्या अलीकडच्या टेकडीवर वारकरी धावा करतात. तिथून पंढरी जवळ आल्याची खूण पटते म्हणून लोक पळत सुटतात. फाल्गुनात तो उतार रिकामा होता. पळस मात्र भडकला होता. रस्ता आता रुंद झालाय, मधली जुनी झाडं गेली, नवी अजून कंबरेएवढीच आहेत. वारीत चालणाऱ्याला सावली हवी असते. ही झाडं कुणी तरी जगवली पाहिजेत.

वेळापूरला अर्धनारीनटेश्वराच्या देवळाजवळ शिदोरी सोडली. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, कांदा, आणि नान्नजहून आणलेला एक घड. देवळात हर आणि गौरी एकाच मूर्तीत जवळ उभे आहेत. आवारात रामचंद्रदेव यादवाच्या काळातले मराठी शिलालेख आहेत. त्यांपुढं उभं राहिलं की सातशे वर्षांपूर्वी या रस्त्यावर माणसं मराठीत दगडावर लिहीत होती हे दिसतं. दाजी देवळात बराच वेळ बसले. आम्ही त्यांना घाई केली नाही.

माळशिरस तालुका म्हणजे नीरा उजव्या कालव्याचा आणि साखरेचा मुलूख. माळीनगर, श्रीपूर, अकलूज ही नावं साखर कारखान्यांनीच महाराष्ट्राला माहीत झाली. या तालुक्याच्या पश्चिमेला, कालव्याच्या ओलीपासून दूर, जमीन पुन्हा मुरमाड होते आणि शिखर शिंगणापूरच्या महादेवाच्या डोंगररांगा दिसू लागतात. मोटेवाडी तिथं आहे. 2007 च्या सुमारास इथं फ्रातेली वाइनरीची सुरुवात झाली. फ्रातेली म्हणजे इटालियन भाषेत भाऊ. तीन घरच्या भावंडांच्या जोड्या यात एकत्र आल्या: अकलूजचे रणजितसिंह आणि अर्जुनसिंह मोहिते-पाटील, दिल्लीचे कपिल आणि गौरव सेखरी, आणि इटलीचे आलेस्सिओ आणि आंद्रेआ सेक्की. वाइन करणारे पिएरो मासी टस्कनीचे. त्यांच्या एका नावाजलेल्या वाइनचं नाव ‘सेत्ते’, म्हणजे सात. सहा भाऊ आणि सातवे मासी.

इथली द्राक्षं पाहून दाजी आधी गप्पच झाले. घड त्यांच्या मुठीएवढे, मणी वाटाण्याएवढे, साल जाड, आत बिया. त्यांनी एक मणी तोंडात टाकला, चावला, बी थुंकली. ‘ह्याला बाजारात कुणी विचारणार नाही.’ बरोबरच होतं ते. खाण्याच्या द्राक्षात साल पातळ हवी, आंबटपणा कमी हवा, मणी मोठा हवा. वाइनला याच्या उलट हवं. तांबड्या वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतून आणि बियांतून येतो, रस तर बहुतेक द्राक्षांचा पांढराच असतो. म्हणून मणी लहान असला की रसाच्या मानानं साल जास्त मिळते. खाण्याच्या बागेत एकरी दहा-बारा टन काढणारा शेतकरी इथं तीन-चार टनांवर थांबतो, कारण वेलीवर ओझं वाढलं की चव पातळ होते. दाजींना हे पटायला वेळ लागला. आयुष्यभर घडाचं वजन वाढवण्यासाठी जी.ए.मध्ये, म्हणजे जिबरेलिक ॲसिडच्या पाण्यात, घड बुडवत आलेल्या माणसाला, वजन मुद्दाम कमी ठेवणं ही गोष्ट एकदम गळी उतरत नाही.

पांढऱ्या वाइनची शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां, शार्दने ही द्राक्षं आधी निघतात. काबर्ने सोव्हिन्यों, शिराझ, सांजोव्हेसे ही काळी मागून. तोडणी रात्री किंवा पहाटे करतात, कारण दिवसा मणी तापला की रस टाकीपर्यंत पोचायच्या आतच आंबायला लागतो. आम्ही दुपारी गेलो, त्यामुळं वेली शांत होत्या आणि काम आत चाललं होतं. पोलादी टाक्यांच्या अंगाला थंड पाण्याचे पट्टे, वर आकडे चमकणारे. पांढऱ्या वाइनचा रस लगेच दाबून वेगळा करतात आणि कमी तापमानावर सावकाश आंबवतात. तांबडीचा रस सालींसकट आंबतो. साली वर तरंगून जाड टोपी तयार होते, आणि खालचा रस वर फिरवून तिला सतत भिजवावं लागतं. दाजी टाकीला हात लावून उभे राहिले. रसाच्या फुटण्याचा आवाज येतो का ते ऐकत होते. ‘आमच्या आजीचं अंबील असंच रात्री बोलायचं,’ ते म्हणाले.

मग ओकच्या पिंपांची खोली. सव्वादोनशे लिटरचं एकेक पिंप, थंडावा, अंधार, लाकडाचा गोडसर वास. 1976 मध्ये पॅरिसच्या ज्या प्रसिद्ध चाखणीत कॅलिफोर्नियाच्या वाइन फ्रेंच वाइनच्या वर बसल्या, ती भरवणारे स्टीव्हन स्परियर यांनी याच वाइनरीबरोबर वाइन केल्या. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते, आणि तिच्यातच माझी मुख्य तक्रार आहे. इथल्या बाटलीवर वाइन करणाऱ्याचं नाव येतं, कोणत्या वर्षीचं पीक ते येतं, गाव येतं. जाणकार माणूस ते वाचून मगच बाटली घेतो. मग सकाळी पाहिलेल्या त्या सोनाकाच्या पेटीवर यातलं काहीच का नसावं?

चाखणीची वेळ झाली. लेक गाडी चालवणार म्हणून तिनं फक्त वास घेतला. मी शेनिन आणि सांजोव्हेसे चाखली. शेनिनमध्ये कच्च्या पेरूचा वास होता, सांजोव्हेसेत चिंचेसारखी तुरट आंबट धार. दाजींनी माळेला हात लावून नाही म्हटलं, आणि कुणी आग्रह केला नाही. त्यांनी वेगळा प्रश्न विचारला: वाइनची द्राक्षं गावातल्या इतर शेतकऱ्यांकडून घेता का, आणि भाव आधी ठरतो का? वाइन शेतकऱ्याचं कल्याण करते की त्याला बिघडवते, यावर महाराष्ट्रात वाद चालतो. राज्यानं 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क उभे राहिले. जानेवारी 2022 मध्ये किराणा मॉलमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला, त्याला मोठा विरोध झाला आणि तो अमलात आला नाही. या सगळ्या वादात दाजींचा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. माझं मत असं: दारूचं व्यसन घरं मोडतं हे खरं आहे आणि त्याकडं डोळेझाक करता येणार नाही. पण द्राक्षाला एकापेक्षा जास्त गिऱ्हाईक असणं ही दुष्काळी तालुक्यातल्या बागायतदाराची गरजही तितकीच खरी आहे. वाइनरी मोठी झाली तरी शेजारच्या वाडीतल्या बागेला कराराचा भाव मिळत नसेल, तर ती बाहेरून आलेली पाहुणी राहील.

बाहेर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. डोंगरामागं सूर्य गेला. चैत्रात याच दिशेला शिंगणापूरच्या कावडी मुंगी घाटानं वर चढतील. दाजी वेलींच्या ओळीत एकटेच थोडे पुढं गेले. एका खोडापाशी वाकले, कलमाचा जोड बोटानं चाचपला. परत येताना गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. नातेपुते, माळशिरस गेलं. वेळापूरच्या उताराला दाजींनी आपणहून सांगितलं की, त्यांच्या बागेत गेल्या वर्षी एका काडीचे मणी वेगळे आलेत, जरा उशिरा पिकणारे, आणि ती काडी त्यांनी दोरा बांधून राखली आहे. छाटणीवाल्या टोळीला बजावलंय, तिला हात लावू नका.

ज्यांना ही वाट करायची असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. सोलापूर ते मोटेवाडी एका बाजूनं दीडशेच्या आसपास किलोमीटर पडतं, नान्नजचा फेरा वेगळा. घाई करू नका, जमलं तर अकलूजला किंवा वाइनरीतच रात्री मुक्काम करा, आणि वाइन चाखणार असाल तर गाडी चालवणारा माणूस वेगळा ठेवा. वाइनरीला आधी कळवून जावं. बागेत आणि बेदाण्याच्या शेडमध्ये मालकाला विचारल्याशिवाय शिरू नये, घड तोडू नये. महिना फेब्रुवारी किंवा मार्च. एप्रिलात खरड छाटणी सुरू होते आणि मग बागेत नुसते ओलांडे दिसतात.

आणि ज्यांना जाता येणार नाही त्यांनी निदान एवढं करावं. येत्या हंगामात हातगाडीवर द्राक्षं घेताना जातीचं नाव विचारा, आणि त्यानंतर गावाचंही विचारा. गाडीवाल्याला माहीत नसेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.